तराफ्याच्या शेपटाला टांगलेली शेगडी

मी एक जुनी शेगडी आहे, मित्रांनो, पण जन्मले तेव्हा आगीशी माझी ओळखसुद्धा नव्हती. मी एका छोट्या टेम्पोच्या चाकाची लोखंडी रिम होते. मिठागरांच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर मी रोज धावत असे. टेम्पोत कधी मीठ, कधी मासे, कधी बर्फाच्या लाद्या. रस्ता खारा, वारा खारा, आणि खाऱ्याचं लोखंडाशी जुनं वैर. मी हळूहळू गंजत गेले. एका खड्ड्यात माझी कड वाकली आणि मी हायबुए गावातल्या गॅरेजमागच्या भंगारात येऊन पडले.

भंगारातलं आयुष्य मुकं असतं. अंगावर गवत चढतं. पोटात पावसाचं पाणी साचतं, त्यात डासांची पोरं खेळतात. कुणी नाव घेऊन हाक मारत नाही, कारण नावच उरलेलं नसतं.

तिथून मला उचललं सिओकलेंगनं. घरचे तिला नुसतं लेंग म्हणत. गॅरेज तिचंच होतं. नवरा दूरच्या समुद्रात मोठ्या जहाजावर मासेमारीला गेलेला, आणि हिच्या पोटात पहिलं बाळ. तरी ती दिवसभर स्कूटरींची पोटं उघडून बसलेली असायची.

तिचे आईवडील खाडीत कालवं वाढवत. पाण्यात बांबूचे लांब मांडव रोवायचे, त्यांना शिंपल्यांच्या माळा टांगायच्या आणि त्या माळांवर कालवं धरण्याची वाट पाहायची, असं ते काम. बापाचं नाव बुनहिओंग, आईचं किमहुए. दोघं म्हातारी, उन्हानं रापलेली. त्यांच्याकडे एक तराफा होता. जाड प्लास्टिकच्या नळ्या शेजारी शेजारी बांधलेल्या, वर फळ्या, मध्ये ताडपत्रीचं छप्पर आणि मागे इंजिन. तेच त्यांचं शेत आणि तोच बैल.

आमच्याकडे शरदातल्या पुनवेला घरोघरी दारात शेगड्या पेटतात. सगळी गल्ली धुरानं भरते, पोरं पपनसाच्या सालींच्या टोप्या घालून हिंडतात. पण ह्याच सणाला कालवांना सगळ्यात जास्त मागणी. म्हणून ह्याच दिवसांत चोर माळा कापून नेतात. त्यामुळे बुनहिओंग दर सणाला तराफ्यावर राखणीला जाऊन बसायचा. एकटा. सोबत थंड भात.

त्या वर्षी गॅरेजच्या दारात बसून किमहुए म्हणाली, "ह्या खेपेला मी येणार तुझ्याबरोबर. लेंगपण येईल. तिथंच शेगडी पेटवू."

"तराफ्यावर?"

"नाही, चंद्रावर."

"म्हातारे, तराफा प्लास्टिकचा आहे. शेगडी पेटवलीस तर आपणच भाजून निघू."

"तुला भाजून खाणार कोण? सगळा चिवट."

लेंग हसली. विकतची चांगली शेगडी महाग आणि बोटभर पायांची, डुलत्या तराफ्यावर ती टिकायची नाही, असं म्हणत ती मागच्या दारी आली. तिनं माझ्या पोटातलं पाणी ओतून टाकलं. इतक्या काळानं माझ्या तळाला ऊन लागलं.

तिनं मला तारेच्या ब्रशनं घासलं. मोडक्या स्टॅण्डचे तीन पाय लावले, आत जाळी बसवली.

"पोटुशी बाई वेल्डिंग करते," किमहुए म्हणाली. "बाळ ठिणग्या उडवत जन्माला येईल."

"येऊ दे. काडेपेटीचा खर्च वाचेल."

अशी मी शेगडी झाले.

पहिली चाचणी धक्क्याला बांधलेल्या तराफ्यावर झाली. फळ्यांना आच लागू नये म्हणून लेंगनं लाकडी खोक्यात शिंपले भरले आणि त्यांवर मला उभं केलं. शिंपल्यांतून ऊब खाली उतरणार नाही, असा तिचा हिशेब. हिशेब बरा होता, पण शिंपले आदल्या दिवसाचे होते, पोटात पाणी धरून बसलेले. निखारे लाल झाले, माझं अंग तापलं, आणि माझ्या पायाखाली फट् असा आवाज झाला. मग दुसरा. मग शिंपले फुटतच सुटले. एका तुकड्यानं माझ्या कडेवरचा निखारा उडवला. तो फळीवरून घरंगळत गेला आणि इंजिनाशेजारी ठेवलेल्या पेट्रोलच्या डब्यापाशी थांबला.

बुनहिओंगनं ओलं पोतं निखाऱ्यावर टाकलं, डबा छातीशी धरला आणि तो धक्क्यावर नेऊन ठेवला. किमहुएनं माझ्यावर बादली ओतली. वाफ उडाली. वाफ विरली तेव्हा जळक्या प्लास्टिकचा वास आला. माझ्या खालची एक नळी मऊ पडून आत दबली होती. बुनहिओंग गुडघ्यांवर बसला आणि कान लावून ऐकत राहिला, तिच्यातून हवा जाते का ते. नळी फुटली असती तर शेतही बुडालं असतं आणि बैलही.

"नाही गेली," तो शेवटी म्हणाला. "आता ही बया परत भंगारात."

धक्क्यावर पाय सोडून लेंग किती तरी वेळ तराफ्याकडे पाहत राहिली. ओहोटी लागली होती. नांगर टाकलेले तराफे खाडीत उभे होते आणि सगळ्यांची नाकं वाऱ्याकडे होती.

"आ-पा," ती बापाला म्हणाली, "नांगरावरचा तराफा नेहमी वाऱ्याकडे तोंड करतो ना?"

"गाढव सोडून सगळेच करतात."

"म्हणजे वारा नाकाकडून शेपटाकडे जाणार. मग आग शेपटाला हवी, ठिणग्या मागच्या मागे पाण्यात जातील. आणि पेट्रोल नाकाला, ओल्या पोत्याखाली. चुकलं माझं. आग तराफ्यावर ठेवायचीच नाही. तराफ्याबाहेर टांगायची."

दुसऱ्या दिवशी तिनं माझे पाय कापले. पाण्याच्या जुन्या नळाचा एक दांडा तराफ्याच्या शेपटाला, इंजिनापासून दूरच्या कोपऱ्यात, बोल्टनं आवळला. त्याच्या बाहेरच्या टोकाला मी लटकले. खाली फळी नाही, नळी नाही, नुसतं पाणी. निखारा पडला तर चुस्स होऊन विझणार. तराफा चालू असताना आग पेटवायची नाही, हा एक नियम. बादली भरलेली हवी, हा दुसरा. तिसरा नियम सांगताना तिचा आवाज बदलला.

"छपराखाली निखारे न्यायचे नाहीत. विझल्यासारखे दिसले तरी नाही. त्यांच्यातून एक हवा निघते. तिला रंग नसतो, वास नसतो. उघड्यावर ती उडून जाते. कोंडलेल्या जागेत ती माणसाला झोप आणते, आणि त्या झोपेतून जाग येत नाही."

मित्रांनो, ती खरं बोलत होती. ती हवा माझ्याच पोटातून निघते. मला ती कळते, पण मला तोंड नाही.

बुनहिओंगनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि मासा कसा भाजणार?"

"जसा भाजतात तसा. एक बाजू झाली की..." लेंग बोलता बोलता थांबली.

तराफ्यावर काहीही उलटं करायचं नाही, ही खाडीतली रीत. मासा नाही, वाडगा नाही, झाकण नाही, चप्पलसुद्धा नाही. जे आपण उलटं करू ते पाहून तराफाही उलटतो, असं म्हातारी माणसं मानतात. बुनहिओंग तर तो शब्दही पाण्यावर उच्चारत नसे. त्याचा धाकटा भाऊ तरुणपणी खाडीच्या तोंडाशी उलटलेल्या होडीखाली गेला होता. त्या सकाळी त्यानं हसत हसत ताटलीतला मासा उलटवला होता, आणि बुनहिओंग समोर बसून जेवत होता. तेव्हापासून हा माणूस वरची बाजू खाऊन झाली की काटा उचलून घेई आणि खालची बाजू खाई. मासा मात्र जिथं आहे तिथंच.

त्यामुळे कुणी त्याला हसलं नाही. लेंग मला बोटानं ढकलत होती. मी दांड्याच्या टोकाशी हळूच गोल फिरले. जुनी सवय, दुसरं काय.

किमहुए बघत होती. "अगं, चाकच आहे ना ते?" ती म्हणाली. "मग मासा राहू दे उभा. आगीला फिरव त्याच्याभोवती."

लेंगनं स्कूटरची बेअरिंग बसवली. माझ्या मधल्या भोकातून एक लोखंडी खुंटी वर आली. ती स्थिर, मी फिरती. चिरलेल्या बांबूत धरलेला मासा खुंटीला उभा बांधायचा, निखारे माझ्या अर्ध्याच पोटात रचायचे, आणि एक बाजू भाजली की आकड्यानं मला फिरवायचं. मासा जागचा हलत नाही. आग त्याच्या पाठीमागे जाते.

बुनहिओंगनं मला स्वतः एकदा फिरवून पाहिलं. "हं," तो म्हणाला. त्याच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

मला काय वाटलं सांगू? जिचं धावणं संपलं होतं तिला पुन्हा फिरायला मिळालं. रस्ता नव्हता, म्हणून मी जागच्या जागी फिरत होते, पण पोटात आग घेऊन.

लेंगनं आणखी एक सोय केली होती. दांड्याच्या टोकाला एक पिन होती. वादळ आलं, आग भडकली, तर ती पिन ओढायची. मी कलंडून निखारे पाण्यात सांडणार आणि दांड्याला लटकत राहणार. तिनं ती करून दाखवली तेव्हा बुनहिओंग तोंड फिरवून उभा राहिला. आणि लेंग घरी गेल्यावर त्यानं तारेचा तुकडा घेतला आणि ती पिन करकचून बांधून टाकली. पोरीनं ते पाहू नये म्हणून वर काथ्या गुंडाळला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, मित्रांनो. त्याला फक्त त्याची माणसं पाण्यावर सरळ हवी होती.

पुनवेच्या दुपारी आम्ही निघालो. मांडवांच्या मधोमध नांगर पडला. पेट्रोल नाकाला गेलं, बादली भरली गेली, आणि खाडीवर ऊन कलताना मला पेटवलं. जाळीवर कालवं मांडली. तापली की ती आपोआप तोंड उघडायची आणि त्यांचं खारं पाणी माझ्या निखाऱ्यांवर टपकायचं. मधे बोय मासा उभा. बुनहिओंग आकडा हातात घेऊन मला फिरवत होता, मंदिरात घंटा वाजवावी इतक्या गंभीरपणे. किमहुए कालवं सोलता सोलता गात होती,

"ओहोटीच्या गं पाण्यात, बांबू उभा पायावरी,
माझ्या माळेचं कालव, धरी चांदणं पोटात."

"आवाज असा की राहिलेली कालवंपण तोंडं उघडतील," बुनहिओंग म्हणाला.

"तुझं कधी मिटतंय?"

लग्न झाल्यापासून त्यांचं असंच चालत आलं होतं. तो एक टाकायचा, ती दुसरं. तिनं त्याचा एकही शब्द कधी फुकट जाऊ दिला नव्हता. लेंग फळीवर पाय पसरून, पोटावर हात ठेवून दोघांना ऐकत बसली होती. बाळ लाथा मारतंय म्हणाली. मासा दोन्ही अंगांनी सोनेरी झाला, आणि तो उलटवावा लागला नाही.

मग वारा पडला.

तुम्ही समुद्राकाठचे असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, पडलेला वारा चांगला नसतो. पाणी शिशासारखं झालं. दूरचे बगळे एकदम उठले. बुनहिओंगनं मान वर केली. ईशान्येकडून आभाळ काळं होत येत होतं. आणि मग एका दमात वारा, पाऊस, लाटा, सगळं एकदम आलं. तराफा नांगराच्या दोरीला हिसका देऊ लागला. मी दांड्यावर झोके घेऊ लागले, ठिणग्या पाण्यात उडू लागल्या.

"पिन ओढ, आ-पा," लेंग म्हणाली.

तो आला, त्यानं पिनेला हात घातला आणि तसाच उभा राहिला. तारेनं बांधलेली पिन अशी सुटणार नव्हती. आणि सुटली असती तरी, असल्या लाटेत, आपल्याच हातानं काही उलटं करायचं?

"मेलेलेच आहेत निखारे," तो म्हणाला. "बघ, वर राखच आहे सगळी. आणि तुझी आई भिजून कुडकुडतीय."

खरंच, किमहुएचे दात वाजत होते. तो पोत्यात हात गुंडाळून मला खुंटीवरून उचलू लागला. लेंग पुढे झाली.

"आत नको."

"पोरी, ती आजारी पडेल."

लेंगनं आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "मग वाऱ्याआडची बाजू उघडी ठेव. पूर्ण उघडी."

त्यानं तीन बाजूंची ताडपत्री खाली सोडली, चौथी वर बांधली आणि मला दोघींच्या मधे भिजलेल्या फळ्यांवर ठेवलं. तेवढ्यात बाहेर कडाड् आवाज झाला. जवळच्या मांडवाचा एक कोपरा सुटून लाटेबरोबर वर खाली होत होता. वर्षभराच्या माळा त्याच्यावर होत्या. बुनहिओंग दोरी घेऊन पाण्यात उतरला. ओहोटीमुळे पाणी छातीइतकंच होतं.

पोटात राख दिसत असली तरी मी विझले नव्हते. राखेखाली निखारे जागे होते, आणि त्यांच्यातून ती हवा निघत होती. उघड्या बाजूनं ती जात होती, वारा तिला ओढून नेत होता. मी मनात म्हणत होते, वाऱ्या, असाच राहा.

वारा राहिला नाही. तो फिरला. उघड्या बाजूनंच पाऊस आत येऊ लागला, सपकाऱ्यांनी, दोघींच्या तोंडावर. बुनहिओंगनं ते पाण्यातून पाहिलं. तो परत आला, त्यानं चौथी ताडपत्री बाहेरून खाली ओढली आणि खालच्या कड्यांना बांधली. आतून लेंग म्हणाली, "थोडा वेळच हं, आ-पा. पाऊस सरला की लगेच उघड." तो हो म्हणाला आणि गेला. पावसानं ताडपत्री चामड्यासारखी ताणली गेली.

आत ऊब आली. दोघींना बरं वाटलं. किमहुएनं हात माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "गुणाची आहे तुझी शेगडी."

मित्रांनो, कौतुकाचे शब्द ऐकायला कुणाला आवडत नाहीत? पण त्या वेळी मला वाटलं, हिनं मला शिव्या द्याव्यात, लाथ मारावी, बाहेर भिरकवावं. मला बोलता येत नव्हतं. निखाऱ्यानं तडतडावं तर निखारेही मुके झाले होते, लाल डोळ्यांनी नुसते बघत होते. मी श्वास रोखू शकत नव्हते. माझं जळणं हाच माझा श्वास होता आणि तोच त्यांचा श्वास घेत होता.

बाहेरून बुनहिओंगचा आवाज आला. "म्हातारे, तुझीच गाठ सुटली बघ. तुझ्या गाठी म्हणजे शेवया."

"तोंडाला मार एक गाठ," किमहुए म्हणाली. पण ते सावकाश म्हणाली, शब्द शोधत.

"आई, डोकं दुखतंय माझं," लेंग म्हणाली. तिनं ताडपत्रीकडे हात नेला. हात अर्ध्यावर थांबला आणि मांडीवर पडला. तिनं पुन्हा उचलला, पुन्हा पडला. मग तिची मान आईच्या खांद्यावर कलली. किमहुएनं तिच्या केसांवर गाल टेकला. लहान मुलीला घेऊन आई झोपते तशा त्या दिसत होत्या. कुणी आत डोकावलं असतं तर म्हणालं असतं, किती गाढ झोपल्यात, उठवू नका.

"ए म्हातारे, दोरीचं दुसरं टोक कुठं ठेवलंस?"

पाऊस वाजत होता.

"रुसलीस वाटतं."

मी ऐकत होते. त्याला वाटलं असेल, पावसात ऐकू गेलं नाही. त्यानं गाठ मारली. बांबू करकरला.

"मासा करपला होता आज," तो मोठ्यानं म्हणाला. "एका बाजूनं कोळसा नुसता."

हे मात्र खोटं होतं. मासा सुरेख झाला होता, आणि किमहुएला तिच्या माशाबद्दल असलं कुणी बोललेलं चालत नसे. तो थांबला. उत्तराची वाट पाहिली. मग मला पाण्याचा आवाज आला, छातीभर पाणी ढकलत कुणी घाईनं चाललं की येतो तसा. दोरी सुटून मांडव पुन्हा धडकू लागला, आणि त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

कड्यांच्या गाठी भिजून फुगल्या होत्या. त्याच्या बोटांना त्या सुटेनात. कालवं उघडायची सुरी त्यानं ताडपत्रीत खुपसली आणि वरपासून खालपर्यंत ओढली. वारा आत घुसला. त्यानं दोघींना पाहिलं. लेंगला हलवलं, तिचं डोकं हातातून निसटलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

पोतं शोधायला तो थांबला नाही. त्यानं उघड्या हातांनी मला दोन्ही कडांना धरलं. त्याच्या तळहातांचा चर्र आवाज मी ऐकला. तो मी केला, मित्रांनो, माझ्या तापल्या अंगानं. त्यानं मला सोडलं नाही. कडेपर्यंत नेलं, डोक्यावर उचललं आणि पाण्यात भिरकावून दिलं. निखारे, राख, माशाचा काटा, सगळं माझ्याबरोबर. मी उलटी पडले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात पाण्यावर वाडगासुद्धा पालथा घातला नव्हता, त्यानं आग उलटी केली.

पाण्यानं मला गिळलं. वाफेचा एक मोठा सुस्कारा निघाला, आणि मी तळाच्या चिखलात जाऊन रुतले. वरून पावलं धावल्याचा दणदण आवाज आला, मग इंजिनाचा. मग तोही दूर गेला.

इथून पुढचं मला कळलं नाही. तेच सगळ्यात कठीण होतं.

चिखलात किती भरत्या आल्या, किती ओहोट्या गेल्या. रोज वरून तराफे जायचे. प्रत्येक इंजिनाचा आवाज मी ओळखू लागले. आमचं इंजिन मध्येच एक ठोका चुकवायचं, ते कधी आलं नाही. खेकडे माझ्या पोटात येऊन बसायचे. मी त्यांना विचारायचे, एक म्हातारी आणि एक पोटुशी बाई, पाहिलीत का कुठं? खेकड्यांना फक्त आपलं बीळ ठाऊक असतं. माझ्या पोटातल्या निखाऱ्यांनी दोन जीव घेतले की तीन, हेच मी मोजत राहायचे.

थंडीचा वारा सुरू झाला तेव्हा एके दिवशी ठोका चुकवणारं इंजिन आलं. माझ्या वरच थांबलं. बांबूची काठी चिखलात खुपसली जाऊ लागली. वर कुणीच बोलत नव्हतं. काठी इथं, काठी तिथं. मला वाटलं, एकटाच आलाय.

"डावीकडे बघ," एक आवाज आला. "तुझी डावी नाही, जगाची डावी."

मित्रांनो, लोखंडाला रडता येत असतं तर खाडी आणखी खारी झाली असती.

"तू उतर मग," बुनहिओंग म्हणाला.

"उतरते. तुझ्या हातांनी तर आता भाताची काडीपण धरवत नाही."

काठी माझ्यावर ठण्णकन वाजली. किमहुए रबरी पँट घालून पाण्यात उतरली. तिचे हात चिखलात शिरले आणि माझ्या अंगावरून फिरले.

"सापडली. लेंगला सांगायला हवं. पलंगावर पडून रोज हुकूम सोडते, शेगडी आणा, शेगडी आणा."

"डॉक्टर काय म्हणाले काल?"

"रोज तेच विचारतोस. बाळाचा ठोका चांगला आहे. अजून काय पाहिजे?"

त्यानं काठी चिखलातून उपसून तराफ्यावर ठेवली. एरवी टोमणा मारला असता.

किमहुएनं मला चिखलातून ओढून सरळ केलं आणि ती मध्येच थांबली. "अगं बाई, हिला बघ की." माझ्या आतल्या बाजूला, जिथं निखारे असत तिथं, नखाएवढी कालवं धरली होती. ओळीनं. मलाही ती तेव्हाच कळली. तोवर पोटाला मुंग्या आल्या असाव्यात असं मला वाटत होतं.

"वर घे," बुनहिओंग म्हणाला.

"आणि ह्यांना मारू?"

मग त्याचा पट्टी बांधलेला हात पाण्यात आला आणि माझ्या कडेवर टेकला. आता मी थंड होते.

"टांग मग मांडवाला," तो म्हणाला.

तेव्हापासून मी माळांच्या शेजारी टांगलेली आहे. हिवाळ्यात लेंगला मुलगी झाली. जन्मताना ती इवलीशी होती म्हणे, आता तिचं रडणं खाडीच्या दोन्ही काठांना ऐकू जातं. पुढच्या पुनवेला सगळे तराफ्यावर आले. शेपटाला नवी शेगडी टांगली होती, माझ्यासारखीच, एका दुसऱ्या टेम्पोच्या चाकाची. तिची पिन उघडी होती, तार नव्हती. जेवण झालं, निखारे राखाडी झाले. लेंग उठणार तोच बुनहिओंगनं तिला बसवलं. त्याच्या तळहातांची कातडी गुळगुळीत झाली होती, पिन दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्यानं ती ओढली आणि मान न फिरवता पाहत राहिला. आग उलटली, पाण्यात गेली. तराफा जागचा हलला नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. शेगडी विकतची असो की भंगारातली, तिच्यासारखी सोबत नाही. पण तिला नेहमी उघडं आभाळ द्या. तंबूत, खोलीत, गाडीत, छपराखाली तिला नेऊ नका, कितीही थंडी वाजली तरी, कितीही प्रेमानं कुणी म्हणालं तरी. राखेवर विश्वास ठेवू नका, निखारे पाण्यात बुडवा. आणि तुमच्यातलं कुणी शेगडीजवळ बसून एकाएकी गप्प झालं, तर ते झोपलंय असं समजू नका. हाक मारा. उत्तर आलं नाही तर दार, खिडकी, ताडपत्री, जे असेल ते फाडून उघडा.

त्या पुनवेच्या संध्याकाळी किमहुए तराफ्यावरून वाकली आणि माझ्या अंगावरचं एक मोठं झालेलं कालव तिनं सुरीनं काढलं. नातीला अजून दात नव्हते, म्हणून ते लेंगला दिलं. लेंगनं ते कच्चंच तोंडात टाकलं आणि डोळे मिटले.

"कसंय?" आईनं विचारलं.

"गार," लेंग म्हणाली.